प्रतीक्षा यादीतली तिसरी

१२ जानेवारी

ठमे,

पत्र फाडायच्या आधी एवढं वाच: आई बरी आहे. आता फाडायचं तर फाड.

तुझा पत्ता तुझ्या चष्मेवाल्या मैत्रिणीनं दिला. औषधाच्या दुकानात गाठ पडली. आधी तिनं कानावर हात ठेवले. मग आईचं विचारलं, मी सांगितलं, आणि तिनंच बिलाच्या पाठीमागे पत्ता लिहून दिला. "मी दिला म्हणू नका," म्हणाली. मी म्हणतोय, कारण यापुढे तुझ्याशी खोटं बोलायचं नाही असं ठरवलं आहे. तिच्यावर रागावू नकोस.

बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला आहेस म्हणे. दहा तास उभं राहायचं. झोपताना पाय उशीवर ठेवत जा. आमच्या लिफ्टच्या कामातही सगळ्यांच्या पोटऱ्या अशाच जातात.

आईचं सांगतो. उजवा हात तसाच आहे, पाय थोडा सुधारला. भिंतीला धरून संडासापर्यंत जाते. शब्द मात्र गळाले. तू होतीस तेव्हा चाळीसच्या वर गेले होते. आता दहा-अकरा उरलेत. बाकी सगळ्याला पुन्हा 'परवा'. पाणी हवं, परवा. खिडकी लाव, परवा. त्या दिवशी शेजारीण मला म्हणाली, "तुमच्या आईनं मला परवा बोलावलंय, पण कशाला ते काही कळलं नाही." मी हसलो. आईही हसली. घरात बऱ्याच महिन्यांनी कुणी हसलं.

शिंप्याच्या प्रकरणाबद्दल लिहिणार नव्हतो. पण ते सोडून बाकी सगळं लिहायचं म्हणजे मयताच्या घरी जाऊन हवापाण्याच्या गप्पा मारण्यासारखं आहे. म्हणून एवढंच. मला कुणी विचारलं तर मी सांगतो: पुनर्वसन केंद्राच्या मॅडमनी माझ्या बहिणीला पांढरा कोट घालून स्पीच थेरपिस्ट म्हणून उभं केलं. पक्षाघातानं वाचा गेलेल्या शिंप्याला तिनं बोलतं केलं. मग त्याला गिळायला शिकवायचं कामही तिच्याच गळ्यात मारलं. ते तिला कुणी शिकवलंच नव्हतं. चहा त्याच्या फुप्फुसात गेला आणि सहा दिवसांनी माणूस गेला. मॅडमनी हात झटकले. "पोरीचं सर्टिफिकेट बोगस, तिनं आम्हालाच फसवलं," म्हणाल्या. आणि अकरा दिवस कोठडीत बसली ती माझी बहीण.

असं मी लोकांना सांगतो. यात माझा उल्लेख कुठं येत नाही. ते तुझ्या लक्षात आलं असेल.

तू जामिनावर सुटून आलीस, आईचे केस विंचरलेस, बॅग भरलीस. मी दारात उभा होतो. "तू चौकशी केली होतीस ना, दादा?" एवढंच विचारलंस. मी "हो" म्हणालो. त्याला चौदा महिने झाले.

दोन ओळी लिही.

दादा

२ फेब्रुवारी

ठमे,

तुझं कार्ड मिळालं. "आईचं कळवत जा. बाकी नको." तू 'कळव' नाही लिहिलंस, 'कळवत जा' लिहिलंस. तेवढ्यावर मी आठवडा काढला.

आईला सर्दी झाली होती, उतरली. वाफ घेताना टॉवेलाखाली कुरकुरते, पण घेते.

आता पुढचं तुझ्या 'बाकी'त बसतं की नाही ते तू ठरव. तुझी वकीलबाई आली होती, सरकारनं दिलेली. चार मजले चढून धापा टाकत म्हणाली, "लिफ्ट मेकॅनिकच्या घराला लिफ्ट नाही?" सगळेच हा विनोद करतात. मीही दर वेळी नवा असल्यासारखा हसतो.

बसल्याबसल्या विचारलं, "हा कोर्स कुणी निवडला?"

"आम्ही दोघांनी," मी म्हणालो.

मग मी तिला त्या संध्याकाळचं सांगितलं. तू बारावी झालेली. त्याच्या आदल्या वर्षी पक्षाघातानं आईची वाचा गेली होती आणि तू जुन्या जाहिरातींतली चित्रं काडेपेटीच्या खोक्यांवर चिकटवून तिला बोलायला लावत होतीस. हॉस्पिटलातल्या थेरपिस्ट बाई ती खोकी बघून मला म्हणाल्या होत्या, "हिला हेच शिकायला घाला." टेबलावर तीन माहितीपुस्तकं होती. एकाच्या कव्हरवर कारंजं होतं. त्यातला फीचा आकडा तू दोनदा वाचलास, एखादं शून्य चुकून जास्त छापलंय असं समजून. मग ते पुस्तक आपण आईच्या औषधांखाली ट्रेसारखं वापरलं. दुसरं सरकारी कॉलेजचं, बारा तासांच्या अंतरावर. चार वर्षांची पदवी, आपल्यासारख्यांना फी माफ, राहायला वसतिगृह. तिसरं ते फर्निचरच्या दुकानावरचं इन्स्टिट्यूट. दोन वर्षं, महिन्याचा हप्ता, घरापासून वीस मिनिटं चालत.

तू दुसऱ्यावर बोट ठेवलंस. परीक्षा दिलीस. प्रतीक्षा यादीत तिसरी आलीस. मग फोनची वाट बघितलीस. फोन आला नाही, आणि मी तुला तिसऱ्या ठिकाणी घातलं.

वकीलबाईंनी विचारलं, "परवाना देणाऱ्या सरकारी परिषदेची मान्यता आहे का, हे कुणी बघितलं?"

थेरपिस्ट बाईंनी तुला ते बजावलं होतं, मला आठवतं. 'मान्यता आधी बघ, नाहीतर स्वस्तात घेशील आणि जन्मभर फेडशील.' तू आईपाशी बसली होतीस म्हणून मला पाठवलंस.

"मी बघितलं," मी म्हणालो.

"कुणाला विचारलंत?"

"तिथल्या माणसाला."

"काय म्हणाला?"

"आहे म्हणाला."

तिनं लिहून घेतलं. मग पेन बंद करून म्हणाली, "सगळा खटला या एका गोष्टीवर आहे. मान्यता नाही हे माहीत असून तिनं काम केलं, असं ठरलं तर फसवणूक, म्हणजे काही वर्षं. माहीत नव्हतं असं ठरलं तर निष्काळजीपणा, म्हणजे काही महिने. इन्स्टिट्यूटवाले म्हणतात आम्ही सांगितलं होतं. ती म्हणते कुणी सांगितलं नाही. कागद कुणाकडेच नाही."

मी तिला खालपर्यंत पोचवलं. जाताना म्हणाली, "काही आठवलं तर फोन करा."

मला सगळं आठवतं, ठमे. न आठवायची सोय असती तर बरं झालं असतं.

दादा

२३ फेब्रुवारी

ठमे,

मी शिंप्याच्या दुकानात गेलो होतो. तुला विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही.

निमित्त म्हणून कंपनीच्या गणवेशाची विजार नेली. मांडीपाशी उसवलेली. त्यांची बायको मशीनवर बसली होती. दुकान आता तीच चालवते. भिंतीवर कपडे बेतायचे कागदी नमुने अजून टांगलेले आहेत, प्रत्येकावर त्या माणसाच्या अक्षरात गिऱ्हाइकांची मापं. तिनं विजार उजेडात धरली.

"ही उसवलेली नाही. कापलेली आहे," म्हणाली. "दोरा ब्लेडनं कापलाय. कोण तुम्ही?"

मी सांगितलं. वाटलं, विजार तोंडावर फेकेल. तिनं पाय मशीनवरून काढला आणि समोरच्या स्टुलाकडे बोट केलं.

तिनं जे सांगितलं ते तसंच लिहितो. तुला त्यातलं काही माहीत असेल, काही नसेल.

"तीन महिने तुमची बहीण केंद्रात यांच्यापाशी रोज यायची. हे नुसते घशातून आवाज काढायचे, जनावरासारखे. लाज वाटून तोंड भिंतीकडे करायचे. ती आरसा धरायची, स्वतः वेडीवाकडी तोंडं करायची. एक दिवस हे माझ्याकडे बघून माझं नाव म्हणाले. तीस वर्षांच्या संसारात यांनी मला नावानं हाक मारली नव्हती हो. 'अगं' म्हणायचे. नाहीतर खाकरायचे. मी तिला म्हटलं, तू यांना भलतंच शिकवलंस, आता चारचौघांत माझं नाव घेतील. आम्ही तिघंही हसलो."

थोडा वेळ ती विजारीवरून हात फिरवत राहिली.

"मग चहा म्हणाले. स्वच्छ, 'चहा'. तीन महिने नळीनं पोट भरत होते. मॅडम दारातून म्हणाल्या, 'द्या की, एवढं बोलायला लागलेत.' तुमच्या बहिणीनं विचारलं, 'आधी काही बघावं लागतं का?' मॅडम म्हणाल्या, 'तू थेरपिस्ट आहेस ना?' आणि गेल्या. तिनं कप ओठाला लावला. यांनी सगळा चहा प्यायला. ठसका नाही, काही नाही. आम्हाला केवढा आनंद. तिसऱ्या दिवशी ताप. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, ठसका लागला असता तर निदान कळलं असतं. अशा माणसाला पातळ द्यायचंच नसतं, आधी तपासायचं, मग घट्ट करून द्यायचं. म्हणाले, हे पहिल्या वर्षाला शिकवतात."

मग माझ्याकडे बघून विचारलं, "तिला का नव्हतं शिकवलं?"



"मला तिचा राग येतो," ती म्हणाली. "येत नव्हतं तर सांगायचं होतं. रोज राग येतो. आणि त्यांच्या तोंडून माझं नावही तिनंच काढलं. या दोन्हीचं मी काय करू, ते मला सांगा."

तिनं शिवण घातली, दोरा दातानं तोडला, विजार घडी करून माझ्या हातात दिली. मी रस्त्यावर आलो आणि वकीलबाईंना फोन लावला. त्यांनी "हॅलो" म्हटल्यावर बंद केला.

आई ठीक आहे. आज 'नको' दोनदा म्हणाली, दोन्ही वेळा बरोबर ठिकाणी.

दादा

८ मार्च

ठमे,

मी चौकशी केली नव्हती. खरं तर करावी लागलीच नाही. त्यांनी आपणहून सांगितलं.

इन्स्टिट्यूटच्या काउंटरवर एक गळ्यात ओळखपत्र घातलेला माणूस होता. पहिला हप्ता घेतला आणि एक कागद पुढे सरकवला. वर 'हमीपत्र' लिहिलेलं. खाली बारीक अक्षरात: हा अभ्यासक्रम परिषदेच्या मान्यताप्राप्त यादीत नाही, उत्तीर्ण विद्यार्थ्यास रुग्णांवर स्वतंत्रपणे उपचार करता येणार नाहीत, याची पालकास पूर्ण कल्पना देण्यात आली आहे.

मी म्हटलं, "म्हणजे हो काय?"

तो म्हणाला, "अहो, सगळे करतात सही. मान्यतेचं चाललंय, पुढच्या वर्षी येईलच. पोरीला आत्तापासून सांगून घाबरवू नका."

मी सही केली. त्यानं मला फसवलं असं म्हणायची सोय आहे, पण त्याला फार कष्ट पडले नाहीत. मला जे ऐकायचं होतं तेच तो बोलत होता.

आणखी एक. तुला तेव्हा अठरा पूर्ण झाली होती. पालकाची सही लागतच नव्हती. त्यांना तुझी सही नको होती, ठमे, कारण तू वाचलं असतंस.

घरी येऊन मी तुला म्हणालो, "मान्यता आहे." तू उडी मारलीस. आईला जाऊन मिठी मारलीस. आई म्हणाली, "परवा, परवा," आणि तू म्हणालीस, "परवा नाही गं, सोमवारपासून!"

हमीपत्राची प्रत ट्रंकेत बाबांच्या कागदांखाली होती. तुला पकडून नेलं त्या दिवशी मी ती काढून वाचली आणि परत ठेवली. जामिनाच्या दिवशी परत वाचली, परत ठेवली. तू दारात विचारलंस तेव्हा ती ट्रंक तुझ्या पायापासून हातभर लांब होती.

गुरुवारी अर्धी रजा टाकून ती वकीलबाईंना नेऊन दिली. त्यांनी दोनदा वाचली. चष्मा काढला.

"हे एवढे महिने तुमच्या घरात होतं?"

"हो."

"बहीण कोठडीत होती तेव्हा?"

"हो."

त्यांनी चष्मा पुसून परत लावला. मग कामाचं बोलल्या. हा कागद आणि माझी साक्ष कोर्टापुढे आली तर तुला माहीत नव्हतं हे दिसेल. मी विचारलं, "मला काय होईल?" विचारायला नको होतं, पण तोंडातून गेलं. त्या म्हणाल्या, "बहुतेक काही नाही. फक्त सगळ्यांसमोर सांगावं लागेल."

मी सांगणार आहे.

दादा

२१ मार्च

ठमे,

तुझं कार्ड आलं. वर पत्ता, खाली एकच शब्द: "का?"

दोन उत्तरं लिहून फाडली. एकात लिहिलं होतं की परवडत नव्हतं. दुसऱ्यात लिहिलं होतं की तू डोळ्यांसमोर हवी होतीस. दोन्ही वाचायला बरी होती.

खरं सांगायचं तर त्याच्याही आधीचं सांगावं लागेल. ते तुला माहीत नाही.

सरकारी कॉलेजच्या फॉर्मवर तू माझा नंबर दिला होतास, तुझा फोन तेव्हा बंद पडला होता म्हणून. तो फोन आला होता.

मी एका ऑफिसच्या इमारतीत, लिफ्टच्या छपरावर होतो, चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मध्ये. दाराचं लॉक बदलत होतो. बाईंचा आवाज होता. "प्रतीक्षा यादीतली तिसरी, तिच्या घरून बोलताय का? वरच्या दोघींना जागा मिळाल्या, आता आणखी एक रिकामी झाली. उद्या संध्याकाळी पाचच्या आत मूळ कागद घेऊन हजर राहायला सांगा."

मी म्हणालो, "ती येणार नाही."

"का हो? फी माफ आहे, वसतिगृह आहे."

"घरी अडचण आहे."

"नक्की ना? नंतर ही जागा मिळायची नाही. मुलीला एकदा विचारता का?"

"विचारलंय," मी म्हणालो. "नक्की."

मिनिटभराचंही बोलणं नाही. मग मी लॉक बसवलं आणि नियमाप्रमाणे तीनदा तपासलं. माझ्या हाताखालच्या लिफ्टचं दार चुकीच्या वेळी कधी उघडलं नाही, याचा मला फार अभिमान आहे.

संध्याकाळी तू विचारलंस, "आला का फोन?" मी "नाही" म्हणालो. तू नऊ दिवस रोज विचारत होतीस.

आता का ते. आईला आंघोळ कोण घालणार, म्हणून. कपडे कोण बदलणार, संडासला कोण नेणार, म्हणून. माझी लाज मेली नव्हती. आपल्या आईच्या उघड्या अंगाला हात लावायचा, या विचारानं मी आंघोळीच्या वेळी घराबाहेर पडायचो. तू सतरा वर्षांची असताना ते करत होतीस, आणि तुला लाज वाटते का हे मी एकदाही विचारलं नाही. पोरीची जात आहे, करेल, असं धरून चाललो. शेजारीण दुपारी यायला तयार होती. दोन वेळा तसं म्हणालीही होती. म्हणजे मार्ग नव्हता असंही नाही. मला फक्त स्वतः करायचं नव्हतं.

यासाठी तुझी जागा गेली. आणि पुढचं सगळं.

गेल्या आठवड्यात मी त्या कॉलेजात जाऊन आलो. शेजारणीला आईपाशी ठेवलं. बारा तास बसून गेलो. ऑफिसातल्या बाई कदाचित त्याच असतील, मी विचारलं नाही. कमी उत्पन्नाच्या जागांचं विचारलं तर म्हणाल्या, "दर वर्षी दोन-तीन रिकाम्या जातात. लोक विचारायलाच येत नाहीत. परवडणार नाही असं घरीच ठरवून टाकतात." भिंतीवर खर्चाचा तक्ता होता. वसतिगृह, जेवण, पुस्तकं धरून तिथली चार वर्षं आपल्या दोन वर्षांच्या हप्त्यांपेक्षा कमीत झाली असती. वयाची अट तेवीस आहे. तुझी नोव्हेंबरात उलटली.

परत निघताना एका वर्गाचं दार उघडं होतं. पहिल्या वर्षाच्या मुली होत्या. पेल्यातल्या पाण्यात कसलीशी पूड ढवळून ते घट्ट करत होत्या आणि चमच्यानं एकमेकींना भरवत होत्या. एक म्हणत होती, "हनुवटी खाली, हनुवटी खाली!" आणि दुसरीला हसू आवरत नव्हतं. त्यांच्या बाई ओरडल्या, "हसताना गिळू नका!" मी दारात किती वेळ उभा होतो कोण जाणे. शेवटी शिपायानं विचारलं, "कुणाचे पालक?"

मी कुणाचा नाही म्हणालो आणि बस पकडली.

दादा

१७ एप्रिल

ठमे,

तू म्हणालीस की आता लिहू नकोस. हे शेवटचं, आणि आईच्या कामाचं. रविवारी तू इतक्या घाईत होतीस की मला काही सांगता आलं नाही.

आधी कोर्टाचं, मुख्यतः तू निघून गेल्यानंतरचं. तुझ्यावरचा फसवणुकीचा आरोप पुसला गेला म्हणून वकीलबाईंनी माझा हात दाबला आणि लगेच सोडला. चार महिन्यांची शिक्षा स्थगित झाली तरी दवाखान्यात पुन्हा काम करायला कायमची मनाई झाली, हे तिथल्या शिपायाला सुटकेसारखंच वाटलं. "पेढे द्या" म्हणाला. केंद्राच्या मॅडम साक्ष देऊन गाडीत बसून गेल्या. इन्स्टिट्यूटवरून मी परवा चालत गेलो. पाटी बदलली आहे, नाव नवीन, काउंटरवर तोच माणूस. एक बाई मुलीला घेऊन माहितीपुस्तक चाळत होती. मी आत गेलो आणि त्या बाईला सांगितलं, "मान्यता नाही. सही करू नका." त्या माणसानं मला बाहेर काढलं. बाईनं माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. सही केली की नाही ते माहीत नाही.

न्यायाधीशांनी मला विचारलेलं तू ऐकलंस. "तुम्हाला वाचता येतं?" "येतं." "मग?"  मला काही शिक्षा झाली नाही. वकीलबाई म्हणाल्या होत्या तसंच.

मधल्या सुट्टीत कोर्टाच्या व्हरांड्यात शिंप्याची बायको तुझ्यापाशी आली होती. ती काय म्हणाली मी विचारत नाही. तुझा हात बराच वेळ तिच्या हातात होता, एवढं लांबून दिसलं.

रविवारचं. तू चष्मेवालीला आणि गाडी घेऊन आलीस. "आईला नेते," म्हणालीस. मी म्हटलं, "कारखान्याचे दहा तास आणि आई? कसं करशील?" तू म्हणालीस, "शिफ्ट बदलली आहे. बघेन मी." मी एवढंही म्हणू शकलो नाही की राहू दे इथंच. कुठल्या तोंडानं म्हणणार?

खुर्चीत बसवून आपण तिला चार मजले उतरवलं. तू पुढे, मी मागे. त्या चार जिन्यांत आपण 'सांभाळ', 'वळव' आणि 'टेकव' एवढेच शब्द बोललो. गाडीत बसल्यावर आईनं माझ्याकडे बोट केलं आणि तुला विचारलं, "परवा?" तू म्हणालीस, "नाही." गाडी सुटली.

आता कामाचं.

आंघोळीचं पाणी तिच्या डाव्या हातावर ओतून बघ. उजव्या हाताला गरम कळत नाही, एकदा भाजलं तिला, माझ्याकडून. सुरुवात पायांपासून कर. एकदम खांद्यावर पाणी पडलं की दचकते. पाठ मला पहिले सहा महिने नीट घासता आली नाही, डोळे मिटून घासायचो. मग एक दिवस तिनं डाव्या हातानं माझ्या तोंडावर पाणी उडवलं. त्यानंतर डोळे उघडे ठेवायला लागलो.

घालताना आधी उजवी बाही, काढताना आधी डावी. पांढरी गोळी गालात लपवते, तोंड उघडायला लाव. तिच्या उजव्या बाजूला बसून बोललं की तिला माणूस दिसत नाही, डावीकडे बस. पाणी घोट घोट दे, हनुवटी खाली. हे तुला मी सांगावं म्हणजे कमाल आहे, पण मी आता तसंच करतो म्हणून लिहिलं.

काडेपेटीची खोकी पिशवीत घातली आहेत. जानेवारीपासून रोज सकाळी कामावर जायच्या आधी मी ती तिच्यापुढे मांडत होतो. मला येत नाही, पण तुझं बघितलं होतं. दोन शब्द परत आलेत. एक 'खिडकी'. दुसरा खोक्यांमधला नाही, तिचा तिनंच काढलाय. अंगावर पाणी घालताना मी कामावर जायच्या नादात घाई करतो, तिला ते आवडत नाही. तेव्हा ती तांब्यावर हात ठेवून म्हणते, "पुरे." अगदी स्वच्छ म्हणते.

ती असं म्हणाली की लगेच थांब, अंगावर साबण राहिलेला असला तरी.

दादा